शब्दचर्चा : ‘सहादाती’ घोडा म्हणजे किती वर्षांचा?

तापीकाठ : दत्तजयंतीच्या सारंगखेडा यात्रेत, घोडेबाजारात ‘सहादाती’ हा शब्द सारखा कानावर येतो. बैलाला जो अर्थ, तोच घोड्याला लावायचा का?

वैरणकाडी : नाही, आणि गिऱ्हाईक फसतं ते इथंच. बैलाला पुढचे दात फक्त खाली, आठ, म्हणजे चार जोड्या. वर नुसती हिरडी. (‘धर्माची गाय अन् दात का गं नाय’ म्हणणाऱ्यानं बहुधा वरच्या जबड्यात पाहिलं असावं.) सहादाती बैलाची पक्क्या दातांची एक जोडी यायची बाकी असते, आठ झाले की तो जुळला, म्हणजे त्याचे पक्के दात पुरे झाले. घोड्याला वर सहा, खाली सहा, म्हणजे एका जबड्यात तीनच जोड्या. मधली जोडी अडीच वर्षांला, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. त्यामुळे सहादाती घोडा म्हणजेच जुळलेला घोडा, पाचच्या आसपासचा.

तापीकाठ : आणि ‘आदत’? सवयीशी काही संबंध?

कोशकिडा : सवयवाला शब्द अरबी, हा ‘अदंत’मधला. पण बोळकं असा अर्थ नाही, पक्का दात अजून न आलेलं जनावर असा. जनावरांच्या व्यवहारात ‘दात’ म्हणजे पक्का दात, दुधाचा धरतच नाहीत. म्हणून दुधाचे चोवीस दात असलेलं शिंगरूही आदतच. अहिराणीत ‘दुधना दात पडनात का?’ असं विचारतात, त्यात ‘दुधना’ आहे म्हणून गोंधळ नाही. नुसतं ‘दात पडले’ म्हटलं की नवख्याला जनावर म्हातारं वाटतं.

वैरणकाडी : तरी मोजण्यावर विसंबू नका. नऊ महिन्यांच्या शिंगरालाही खाली सहा दात दिसतात, आणि दोन वर्षांचं थोराड शिंगरू पाचचं म्हणून खपू शकतं. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र, हिरडीपाशी मान आवळल्यासारखा. पक्का दात रुंद, पिवळसर, त्यावर उभी खाच, मान नाही.

पाहायची रीत अशी : घोड्याच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, समोर नाही. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बिनदाताची मोकळी हिरडी असते, तिथून बोटं आत घालून जीभ हलकेच बाजूला धरायची. हिसका द्यायचा नाही, जिभेला इजा होते. कडियाळ, म्हणजे लगामाचा लोखंडी भाग, याच मोकळ्या जागेवर बसतो.

कोशकिडा : त्या जागेत नराला सुळेही असतात ना?

वैरणकाडी : हो, चार, चौथ्या-पाचव्या वर्षी येतात. घोडीला बहुधा नसतात, असले तर बारीक. म्हणून घोड्याचे दात साधारण चाळीस, घोडीचे छत्तीस. पण वरच्या पहिल्या दाढेला चिकटून कधी कधी एक मणीएवढी दाढ असते, तिलाही लोक सुळाच म्हणतात. ते चूक. ती पाच-सहा महिन्यांतच येते, घोडीलाही असते. कडियाळ तिच्यावर आपटलं की जनावर मान झटकतं आणि ‘अडेल’ ठरतं. काढायची ती पशुवैद्याकडूनच, मूळ मोडून आत राहता कामा नये.

तापीकाठ : जुळल्यानंतरचं वय?

वैरणकाडी : खालच्या दातांच्या माथ्यावरचा काळा खळगा पाहायचा. मधल्या जोडीचा सहाव्या वर्षी झिजून जातो, शेजारचीचा सातव्या, कडेचीचा आठव्या. पुढं अंदाजच. वाळू-मातीतली वैरण खाणाऱ्याचे दात लवकर झिजतात. काही जण जुन्या दातात खळगा कोरून तो काळा करतात. खऱ्या खळग्याभोवती पांढरं कडं जरा उठून असतं, बोटाला लागतं. कोरलेल्याला ते नसतं. शिवाय तरुण दाताचा माथा आडवा लांबट, म्हाताऱ्याचा तिकोनी, आणि तिकोन काही कोरून लपत नाही.

कोशकिडा : ‘दातानं गेला’ म्हणतात ते झिजल्यामुळंच?

वैरणकाडी : नेहमीच नाही. दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकतो आणि तितकाच झिजतो. खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद, त्यामुळे वरच्या दाढांना गालाकडून आणि खालच्यांना जिभेकडून धार चढते. गाल सोलतो. मग घोडा घास अर्धवट चावून लाळेत भिजलेला गोळा टाकून देतो. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून कानस फिरवून फक्त धार काढायची, दाढ गुळगुळीत केली तर वैरण दळणार कशी?

तापीकाठ : त्या गोळ्याला ‘चघळ’ म्हणायचं का?

कोशकिडा : नको. चघळ म्हणजे गव्हाणीतली उरलेली वैरण. चावून टाकलेला तो चोथा. गव्हाणीत चघळ असली तर वैरण पाहा, चोथा असला तर तोंड.