डोक्यावर डोकं आपटलं, कोच म्हणतात रविवारी खेळू दे. काय करू?

पुणेरी_आई:
नमस्कार, मुलगा १२ वर्षांचा, इथेच एका अकॅडमीत फुटबॉलला जातो. काल प्रॅक्टिसला कॉर्नरवर हेड मारायला उडी मारली आणि दुसऱ्या मुलाचं डोकं ह्याच्या कानाच्या वर आपटलं. बेशुद्ध वगैरे नाही पडला, कोचनी तोंडावर पाणी मारलं आणि पाच मिनिटांत परत आत. रात्री डोकं दुखतंय म्हणून जेवला नाही, आज शाळेतून फोन आला की वर्गात झोपतोय. कोच म्हणतात बर्फ लावा, रविवारी सेमी आहे, डिफेन्सला दुसरं कोणी नाही. नवऱ्याच्या मते मी उगाच बाऊ करतेय. खेळू द्यावं का?

फिजिओ_नाशिक:
ताई, आधी डॉक्टर, मग हा धागा. आजच न्या. कन्कशनला (डोक्याला मार बसून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं) बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही, डोकं दुखणं, झोपाळूपणा, चिडचिड, उजेड सहन न होणं एवढंही पुरे असतं. सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी कन्कशन नाही असं होत नाही, ते त्यात दिसतच नाही. आणि वारंवार उलटी, डोकेदुखी वाढत जाणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, कानानाकातून पाणी येणं, उठवून न उठणं, ह्यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.
रविवार विसरा. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊ शकते, क्वचित होतं पण होतं तेव्हा जिवावर बेततं आणि त्यात लहान मुलंच जास्त. ब्रिटनमधे २०२३ पासून हौशी खेळाडूंसाठी नियमावली आहे, शंका आली की लगेच बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, आणि मॅच कमीत कमी २१ दिवसांनी, तेही त्याआधीचे १४ दिवस काही त्रास नसेल तरच.

पेठेतला_बॅक:
कोल्हापुरातनं बोलतोय. आमच्याकडं हेड चुकवला तर पेठेत तोंड दाखवायची सोय नाही, तवा हेडिंगच बंद करा असं कुणी म्हणत असंल तर मला पटत नाही. पण डोक्याला लागल्यावर पोराला परत आत घालणारा कोच, हे काय खरं नाही बघा. २००४ च्या फेडरेशन कपची फायनल आठवा, बेंगळुरूला, गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्टियानो ज्युनिअर गोल मारताना गोलकीपरला धडकला आणि गेलाच की. त्यावेळी ग्राउंडवरच्या डॉक्टर-ॲम्ब्युलन्सवरनं केवढा गदारोळ झालता. ती तर देशातली मोठी स्पर्धा, पोरांच्या मॅचला कोण बघतंय? अकॅडमीला विचारा, सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) कुणाला येतो का ते.

जर्सीवाला_बाबा:
न्यू जर्सीत आहे, मुलगी खेळते. अमेरिकेत २०१४ मधे केस झाली आणि २०१५ मधे इथल्या फुटबॉल फेडरेशनने १० वर्षांपर्यंत हेडिंग पूर्ण बंद केलं, ११ ते १३ ला प्रॅक्टिसमधे मर्यादित. सुरुवातीला मलाही फाजील लाड वाटलेले, पण मजा म्हणजे पोरं आता बॉल खाली ठेवून छान पास करतात. @पेठेतला_बॅक, बॉलपेक्षा हेडला दोघं एकदम उडतात तेव्हाची धडक जास्त वाईट, ताईंच्या मुलाचंही तेच झालंय. उडी आणि टायमिंग शिकवायला हलका बॉल पुरतो.

पुणेरी_आई:
जाऊन आलो. कन्कशनच म्हणाले, घरी आराम, आठवड्याने परत दाखवा. कोचना कळवलं तर "बरं" एवढाच मेसेज. हा मात्र रडून बसलाय आणि मोबाईल मागतोय, देऊ का?

फिजिओ_नाशिक:
दोन दिवस स्क्रीन कमीच. अंधाऱ्या खोलीत कोंडायची गरज नाही, घरातल्या घरात फिरू दे, मग झेपेल तशी अर्धा दिवस शाळा. पीटी आणि सायकल सध्या नको.

पेठेतला_बॅक:
बरं केलंसा ताई. सेमीचा निकाल तेवढा कळवा.