प्रश्न फक्त कोर्स पूर्ण करण्याचा नाही
वर कुणीतरी म्हणालंय की अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला की रेझिस्टन्सची (म्हणजे बॅक्टेरिया औषधाला दाद देईनासे होण्याची) भीती नाही, पण ते तेवढ्यावर संपत नाही ना. आतड्यातला ई. कोलाय हा बॅक्टेरिया एरवी निरुपद्रवी असतो, पण त्याच्याकडे प्लास्मिड म्हणजे डीएनएची छोटी गोल रिंग असू शकते, तिच्यावर रेझिस्टन्सचे जीन असू शकतात आणि तिची कॉपी तो शेजारच्या बॅक्टेरियाला देऊन टाकतो, अगदी क्लेब्सिएलासारख्या वेगळ्या जातीलासुद्धा. २०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकला रेझिस्टन्स देणारा एमसीआर-१ जीन सापडला तो असाच प्लास्मिडवर, डुकरं, विक्रीचं मांस आणि पेशंट तिन्हीकडे. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूतलं अगदी शेवटचं औषध आणि ते जनावरांचं वजन वाढावं म्हणून खाद्यातून देत होते!! आपल्याकडे पोल्ट्रीतही चालायचं, २०१९ला बंदी आली, आता ती खरंच पाळली जातेय का हे कुणीतरी सतत तपासायला हवं.