'घुसखोर' चार अक्षरांत बसतो म्हणून?

शनिवारपेठकर :
मंडळी, एक अडचण घेऊन आलोय. मी एका दैनिकात बरीच वर्षं मुद्रितं तपासली, आता घरी बसून भाषांतरं करतो. सध्या हातात आसामवरचा एक लांबलचक इंग्रजी लेख आहे. बाहेरून आलेल्या लोकांमुळे त्या राज्याचं काय झालं, म्हणजे भाषा, जमीन, मजुरी, मतदारयादी, सगळंच. मूळ लेखक या माणसांसाठी पाच वेगवेगळे शब्द वापरतो आणि जपून वापरतो. कायद्यातला शब्द वेगळा, आंदोलनातला वेगळा, हत्यार घेऊन सीमा ओलांडणाऱ्याचा वेगळा. पहिला खर्डा वाचायला घेतला तर पाचही ठिकाणी माझ्या हातून 'घुसखोर' पडलेलं!

सवयीचा परिणाम. डेस्कवर हा शब्द आमचा लाडका होता, कारण एका कॉलमच्या मथळ्यात चार अक्षरांत बसायचा. 'बेकायदेशीर स्थलांतरित' लिहायचं तर दोन कॉलम लागायचे, आणि दोन कॉलम जाहिरातवाल्यांनी आधीच घेतलेले असायचे.

तर विचारायचं असं की घुसखोर, स्थलांतरित, निर्वासित, शरणार्थी, उपरा, परप्रांतीय हे शब्द तुम्ही कुठे कुठे वापरता? कोशातला अर्थ मला सापडतो. तोंडातला हवाय.

जुने मास्तर :
सुरुवात 'खोर'पासून करू. मूळ फारसी, अर्थ 'खाणारा'. लाचखोर, व्याजखोर, हरामखोर या शब्दांत खाणं अजून दिसतं. पुढे मराठीत तो खोडीचा प्रत्यय झाला. भांडखोर, दंगेखोर, चहाडखोर. एकदा भांडलेल्या माणसाला आपण भांडखोर म्हणत नाही, उठसूट भांडतो त्याला म्हणतो. म्हणजे 'खोर' लागला की शब्द कृत्याबद्दल बोलायचं सोडून स्वभावाबद्दल बोलायला लागतो. आयुष्यात एकदा, एका रात्री नदी ओलांडून आलेल्या बाईला 'घुसखोर' म्हटलं की व्याकरणाने तिला खोड चिकटवली. 'घुसखोरी' त्या मानाने सुटसुटीत आहे, ते कृत्याचं नाव आहे.

आता 'घुसणे'. घरात ऊन शिरतं, साप शिरतो, चोर शिरतो आणि घुसतोही. अंबाबाईच्या दर्शनरांगेत मात्र कोणी शिरत नाही, घुसतोच. घुसण्यात दुसऱ्याची जागा मारणं आहे. म्हणून हा शब्द इतका झोंबतो आणि म्हणूनच इतका खपतो.

शनिवारपेठकर :
मास्तर, माझा घोळ नेमका इथेच आहे. १९९९ साली कारगिलच्या वेळी आम्ही रोज 'घुसखोर' छापत होतो. ते उंच शिखरांवर ठाण मांडून बसलेले, बंदुका घेतलेले लोक. तिथे शब्द चपखल होता. आता तोच शब्द, त्याच टायपात, मुंबईच्या झोपडपट्टीत भांडी घासणाऱ्या बाईच्या बातमीवर येतो. इंग्रजीत या दोन माणसांना निदान दोन शब्द आहेत. आपण एकात उरकलं, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात भांड्याच्या जागी बंदूक गेली.

तांबडा-पांढरा :
दादा, एक उलटं बोलतो, राग मानू नका. शब्द मऊ करायची ही टूम शहरात बसून सुचते. आसामात १९७९ ते १९८५ सहा वर्षं पोरांनी आंदोलन केलं ते काय गंमत म्हणून? मंगलदोई मतदारसंघाची पोटनिवडणूक आली, मतदारयादीत भलतीच नावं निघाली, तिथनं ठिणगी पडली. २०११ च्या जनगणनेत आसामी मातृभाषा सांगणारे त्यांच्याच राज्यात निम्म्याहून कमी भरले. उद्या कोल्हापुरात मराठीचं तसं झालं तर तुम्ही 'स्थलांतरित बंधू' म्हणणार काय? सुप्रीम कोर्टानंसुद्धा २००५ ला असल्या येण्याला 'बाह्य आक्रमण' म्हटलंय. मग 'घुसखोर' तर सौम्यच झाला की.

कसबा-वकील :
तांबडा-पांढरा, कोर्टाचा दाखला बरोबर आहे. आसामचे नेते सर्वानंद सोनोवाल यांनी केलेला तो खटला. त्यात १९८३ चा एक कायदा रद्द झाला, आणि घटनेच्या अनुच्छेद ३५५ मधल्या 'आक्रमण' शब्दात मोठ्या प्रमाणावरचं बेकायदा स्थलांतरही येतं, असं कोर्टाने वाचलं. जुन्या मराठीत आक्रमणाला 'परचक्र' म्हणत. परचक्र म्हटलं की आपल्याला घोडदळ दिसतं, कोर्टाने त्यात होडीतून आलेलं कुटुंबही बसवलं. शब्दाची कक्षा न्यायाधीशसुद्धा रुंदावतात, हे शब्दचर्चेत ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पण कोर्टाने तिथे एका घडामोडीला नाव दिलं, माणसाला नाही. माणसासाठीची व्याख्या नागरिकत्व कायद्यात आहे. कायदा १९५५ चा, ही व्याख्या २००३ च्या दुरुस्तीने आली. त्यात दोन प्रकारची माणसं आहेत. एक, वैध कागदांशिवाय आलेला परदेशी. दुसरा, रीतसर पासपोर्ट-व्हिसा घेऊन पुढच्या दाराने आलेला, पण मुदत संपल्यावरही राहिलेला. हा दुसरा कुठे घुसला? त्याने मुक्काम लांबवला. कायद्याच्या नजरेत दोघे एकच, 'घुसखोर' मात्र फार तर पहिल्याला लागू.

आणखी एक. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांना या व्याख्येतून बाहेर काढलं. एकाच होडीतून, एकाच रात्री आलेल्या दोघांना आता कायदा दोन वेगळ्या नावांनी ओळखतो. आंदोलन मिटवणाऱ्या १९८५ च्या आसाम करारात धर्म नव्हता, तारीख होती. २४ मार्च १९७१, त्यानंतर आलेला तो विदेशी, धर्म कोणताही असो. म्हणून २०१९ ला आसामातच या दुरुस्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, आणि त्यात करार घडवून आणणारी आंदोलनाची जुनी मंडळीही होती. त्यांच्या तोंडातला 'विदेशी' आणि दिल्लीतल्या भाषणातला 'घुसखोर' हे एकच शब्द नव्हेत. भाषांतरात हे दोन एक झाले तर लेख गेलाच.

चिखलीची सून :
काका, मला 'स्थलांतरित' शब्दाबद्दल सांगायचंय. तो आमच्या गावात मऊही नाही आणि कडकही नाही, तो पावसाळी आहे. दर जुलैत कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि मग पेपरात 'प्रयाग चिखली, आंबेवाडीतील कुटुंबांचे स्थलांतर'. २०१९ ला आम्ही जनावरं घेऊन निघालो तेव्हा आम्हीच स्थलांतरित होतो. त्यामुळे 'अवैध स्थलांतरित' वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा पाण्यातून चाललेली म्हैस येते. हसू नका.

'लोंढा' शब्दालाही माझा आक्षेप आहे. 'परप्रांतीयांचे लोंढे' असं सर्रास छापतात. लोंढा काय असतो ते आम्ही पाहिलंय. त्याला तोंड नसतं, त्याला फुटात मोजतात. माणसांना लावू नये.

यंत्रमाग :
इचलकरंजीतनं लिहितोय. आमच्याकडं मागावर निम्मी पोरं यूपी-बिहारची. ते 'परप्रांतीय'. प्रांत जाऊन राज्यं झाली तरी हा शब्द काय जात नाही. पण ती या देशाचीच माणसं, बेकायदा बिकायदा काय नाही. घोळ होतोय तो बंगाल्यांचा. कोल्हापूरला गुजरीत सोन्याचं बारीक काम करणारे बंगाली कारागीर हायत. माझ्या ओळखीचा एकजण आपल्याच पश्चिम बंगालातल्या मेदिनीपूरचा, पंधरा वर्षं हितं, पोरगं मराठी शाळंत. कटिंगवाल्याकडं टीव्हीवर बातमी लागली की बसलेला कुणीतरी म्हणणारच, 'काय बांगलादेशी, कधी जाणार परत?' चेष्टाच असती. तो हसतो. पण आता गल्लीत फोनवर घरच्यांशी बोलायचं झालं तर दुकानाच्या आत जाऊन बोलतो.

बंगाली ही भाषा, बांगलादेशी हे नागरिकत्व. ह्यो फरक तुमच्या लेखात मोठ्या अक्षरात टाका भावा.

शनिवारपेठकर :
टाकतो. या निमित्ताने एक आठवलं. आसामीत 'बोंगाल' हा शब्द जुना आहे आणि तो नुसता बंगाल्यासाठी नव्हता, पश्चिमेकडून आलेल्या कोणाही परक्याला लागायचा. इंग्रज आले तेव्हा ते 'बोगा बोंगाल' झाले, म्हणजे गोरा परका. आपल्याकडे 'फिरंगी' असाच पसरला आणि मग आकसला. परक्याला नाव देताना भाषा आधी मोघम असते, टोक नंतर येतं.

गांधीनगर १९४७ :
मी सिंधी, तिसरी पिढी, मराठीतूनच शिकलो. मास्तरांना 'निर्वासित'बद्दल विचारायचं होतं. माझ्या आजोबांना हा शब्द अजिबात खपायचा नाही. 'आम्ही काय मागत होतो कुणाकडे? दुकान टाकलं, तेही उधारीवर,' असं म्हणायचे. पण कागदावर तेच होते ना.

आणि गंमत पाहा, आम्ही जिथे आलो ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी आधी पोलंडच्या लोकांची होती. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं. स्टालिनच्या राजवटीने सायबेरियात हाकललेली, इराणमार्गे इथवर आलेली. त्यांची आठवण म्हणून महावीर उद्यानात स्तंभ आहे, वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. एकाच जागेवर लागोपाठ दोन निर्वासित. त्या पोलिश बायकांना कोणी 'घुसखोर' म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

जुने मास्तर :
तुमच्या आजोबांशी मी सहमत आहे, तरी शब्दाची बाजू घेतो. 'निर्वासित' म्हणजे ज्याचा वास, वस्ती हिरावली गेली तो. हा शब्द मागे बघतो, कोणीतरी घालवून दिलं असं सांगतो. 'शरणार्थी' पुढे बघतो, दाराशी येऊन आश्रय मागतो. आजोबांना टोचलं ते मागणं, आणि 'निर्वासित'मध्ये ते नाही. हिंदीत तेव्हा 'शरणार्थी' नको म्हणून काहींनी 'पुरुषार्थी' हा शब्द चालवून पाहिला होता. रुजला नाही.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून कोटीभर माणसं आली तेव्हा पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, त्यावर 'शरणार्थी सहायता' छापलेलं होतं. मी ते कितीतरी चिकटवलेत. आसाम करारातली तारीख त्याच वर्षाची. तारखेच्या अलीकडे-पलीकडे पडलेल्या माणसांचे पुढे काय काय शब्द झाले ते आपण बघतोच आहोत. १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, त्यामुळे आपल्या कायद्यात 'निर्वासित' अशी वेगळी व्याख्याच नाही. शब्द बोलीत आहे, सरकारी तिकिटावर होता, कायद्यात नाही.

आणि 'उपरा' राहिलाच. पेशवाईच्या कागदांत शेतकऱ्यांचे दोन प्रकार दिसतात, मिरासदार आणि उपरी. मिरासदार वतनाचा, जमिनीवर पिढीजात हक्क सांगणारा. उपरी बाहेरगावाहून येऊन कसणारा, त्याला कायमचा हक्क नाही. त्या 'उपरी'त शिवी नव्हती, ती महसुलाची नोंद होती. आज 'उपरा' म्हणताना आपण सगळे मिरासदार असल्यासारखे बोलतो.

तांबडा-पांढरा :
मास्तर, टोला लागला. पण माझा मुद्दा तसाच हाय. परिणामाचं काय?

शनिवारपेठकर :
परिणामाबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाही. त्रिपुरा बघा. फाळणीच्या आसपास आणि नंतर तिथे जे आले ते बहुतेक निर्वासित, त्यांना तेव्हा सहसा बेकायदेशीर म्हणत नसत. तरी तिथले मूळचे आदिवासी पूर्वी निम्म्याच्या घरात होते, ते आता एक तृतीयांशाच्या आसपास आलेत. म्हणजे राज्यावर होणारा परिणाम हा येणाऱ्याच्या कागदावर ठरत नाही, संख्येवर आणि जमिनीवर ठरतो. शब्द कडक केला म्हणून तो मोजता येत नाही, आणि मऊ केला म्हणून झाकलाही जात नाही. माझ्या लेखकाने नेमकं हेच दोन वेगळे ठेवलेत. मी एक केले होते.

जाता जाता, 'राज्यावरचा बोजा' हा शब्दप्रयोगही मी काढून टाकला. बोजा सातबाऱ्यावर चढतो, सोसायटीचं कर्ज फेडलं की उतरतो. माणसांच्या बाबतीत 'ताण' बरा वाटला. कडक वाटत असेल तर सुचवा.

आता एक जागा अडलीय. आसामची नागरिक नोंदणी ३१ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाली. १९,०६,६५७ माणसांची नावं तिच्यात नव्हती. लेखात अशी एक बाई आहे जिचा भाऊ यादीत आणि ती नाही. तिला काय म्हणू?

कसबा-वकील :
'विदेशी' म्हणू नका. नाव नसलं म्हणजे परदेशी ठरलं असं होत नाही, त्यासाठी न्यायाधिकरण आहे, तिथे दाद मागता येते. ती आज कायद्याने कोणीच ठरलेली नाही.

चिखलीची सून :
'यादीबाहेरची' म्हणा. आमच्याकडे पूरग्रस्तांची यादी लागते तेव्हा हाच शब्द असतो. 'आमचं घर यादीबाहेर राहिलं.' नाव का नाही ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि तलाठ्याकडे चकरा चालू राहतात.

शनिवारपेठकर :
सुनबाई, घेतला! आतल्या मजकुरात बसतोय. आत्ताच संपादकांचा फोन येऊन गेला, मथळ्याला चार अक्षरी काही आहे का म्हणून. 'यादीबाहेर'ची पाच होतात.

यंत्रमाग :
टाईप एक पॉइंट बारीक करा की राव.