शेवट फसला की फक्त आवडला नाही?

(स्पॉयलर आहेत. बघायचं बाकी असेल त्यांनी इथेच थांबा.)

'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन' या कोरियन मालिकेच्या शेवटाने सोळाच्या सोळा भागांवर पाणी फिरवलं, असं इथे म्हटलं जातंय, ते काही पटलं नाही. नायिका ही-दो आणि नायक यी-जिन शेवटी एकत्र येणार नाहीत, हे पहिल्या भागापासून समोरच होतं की! ही-दोची, म्हणजे आपल्या आईची, डायरी वाचणारी मुलगी किम मिन-चे. कोरियात मूल सहसा वडिलांचं आडनाव लावतं, आणि यी-जिनचं आडनाव तर बेक. तरी आपण 'काहीतरी खुलासा असेल' म्हणत तर्क लढवत बसलो. 2001च्या हल्ल्यानंतर तो बातमीदार म्हणून न्यूयॉर्कला जातो आणि तिथल्या कामातच गुंतून पडतो. खलनायक नाही, तिसरी व्यक्ती नाही. एक कामात बुडालेला, दुसरी वाट बघून थकलेली. मला तरी हे खरं वाटलं. तक्रार एकच, हे सगळं अगदी शेवटी घाईघाईत कोंबलंय.

फसलेला शेवट म्हणाल तर 'रीबॉर्न रिच' (2022) या दुसऱ्या कोरियन मालिकेचा. नायकाचा पुनर्जन्म, सुनयांग उद्योगसमूहातली सत्तेची लढाई, सगळं मन लावून बघायचं आणि शेवटच्या भागात कळतं, साहेब आठवडाभर कोमात होते! मूळ वेब-कादंबरीत असं नाही, तिथे तो अध्यक्षपदापर्यंत पोचतो. इथे मात्र प्रेक्षकाला सरळ मामा बनवलंय. नायकाच्या आजोबांचं काम करणाऱ्या ली सुंग-मिनसाठी बघा, पण त्यांचं पात्र गेलं की बंद केलंत तरी चालेल.

'माय मिस्टर' या कोरियन मालिकेचा विषय अजून कुणी कसा काढला नाही इथे?