तालुक्याच्या ग्रंथालयासाठी वेब ॲप्लिकेशन: जँगो-पोस्टग्रेस घ्यावे की लाराव्हेल-मायएसक्यूएल?

नमस्कार.

आमच्या गावातील ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी ग्रंथसूची आणि देवघेव सांभाळणारे वेब ॲप्लिकेशन तयार करण्याचे काम मी हाती घेतले आहे. त्यासाठी जँगो (पायथन भाषेतील वेब ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) ही जोडी घ्यावी, की लाराव्हेल (पीएचपी भाषेतील तसाच सांगाडा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) ही, हा माझा प्रश्न आहे. साधारण वीस हजार ग्रंथ असून बहुतेक मराठी आहेत. काउंटरवर दोन संगणक आहेत, आणि हवे ते पुस्तक जागेवर आहे की बाहेर गेले आहे, एवढे सभासदांना घरबसल्या मोबाइलवर कळावे, अशी कार्यकारिणीची अपेक्षा आहे. मी हे काम विनामोबदला करीत आहे. पुढे ते सांभाळणारा बहुधा गावातलाच, नुकती संगणकाची पदविका घेतलेला कोणी तरुण असेल, हे गृहीत धरूनच सल्ला द्यावा ही विनंती.

‘कोहा वापरा’ हे उत्तर येईल याची कल्पना आहे. न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेली ही ग्रंथालयांसाठीची मुक्त प्रणाली उत्तम आहे आणि मोठ्या ग्रंथालयांना मी तीच सुचवीन. परंतु आमच्या ग्रंथपालबाई दाखल नोंदवहीतील रकान्यांना सरावलेल्या आहेत, त्यांच्यासाठी मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे नोंदणीपत्रक हे विनाकारण ओझे ठरेल. शिवाय पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली प्रणाली बिघडली तर दुरुस्तीला माणूस कुठून आणायचा, हाही प्रश्न आहे.

वाचकसंख्या पाहता वेग आणि भार यांची काळजी नाही. त्यामुळे नोड, रिॲक्ट आणि वेगळा एपीआय अशी, पडद्याचा आणि सर्व्हरचा भाग वेगवेगळा ठेवणारी मांडणी मी विचारातून काढून टाकली आहे. काउंटरवरचे काम शेवटी फॉर्म भरण्याचे आहे, आणि बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो, त्यासाठी कोणताही स्टॅक (भाषा, सांगाडा आणि डेटाबेस यांचा संच) चालतो. खरी अडचण मराठीची आहे, आणि स्टॅक तिच्यावरूनच ठरावा असे माझे मत झाले आहे.

पहिली बाब वर्णक्रमाची. मराठी कोशांच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ‘ल’ च्या लगेच पुढे आहे. साधी बायनरी क्रमवारी लावली की ‘काळा’ हा शब्द ‘कावळा’ च्या आधी येतो, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे असल्यामुळे ‘क्ष’ ने सुरू होणारी शीर्षके ‘क’ मध्ये आणि ‘ज्ञ’ ची ‘ज’ मध्ये जाऊन बसतात. छापील सूची पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला ती तिथे सापडणार नाहीत. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या युनिकोडविषयक सॉफ्टवेअर-संचाची कोलेशन्स (भाषेनुसार क्रम लावण्याचे नियम) वापरता येतात आणि त्यांत मराठीचेही आहे; मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी स्वतंत्र कोलेशन नाही. पीएचपीच्या इंटल या भाषाविषयक एक्स्टेन्शनने क्रम लावता येतो, पण मग पानापानाने यादी दाखवताना सगळी नावे आधी मेमरीत आणावी लागतात. आयसीयूकडून सॉर्ट-की (शब्दाचा क्रम ठरवणारी खूण) काढून ती वेगळ्या रकान्यात साठवणे हा मार्ग कोणत्याही डेटाबेसवर चालेल हे खरे, परंतु आयसीयूची आवृत्ती बदलली की तो रकाना पुन्हा भरावा लागेल, आणि हे कोणी लक्षात ठेवील यावर माझा भरवसा नाही.

दुसरी बाब शोधाची, आणि ती अधिक किचकट आहे. ‘दऱ्या’ हा शब्द कोणी ‘ऱ’ वापरून टंकतो, तर कोणी ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह) यांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’ चेही तसेच: स्वतंत्र अक्षर म्हणून तो युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीची सवय ‘अ’ वर चंद्र देण्याची. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची युनिकोडची पद्धत) या दोन्ही जोड्या एकत्र आणत नाही, म्हणून आपला स्वतंत्र फंक्शन लिहावा लागेल. त्यात १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीची शीर्षके, ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी अनुस्वारांनी भरलेली. वाचक ती ‘काही’, ‘नाही’ अशीच शोधणार. प्रत्येक शीर्षकाचे असे सरळ केलेले रूप वेगळ्या रकान्यात ठेवून शोध त्यावर चालवावा आणि टंकनातील चुकांसाठी पोस्टग्रेसचे ट्रायग्रॅम एक्स्टेन्शन (तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवून मिळतेजुळते शब्द शोधणारे) वापरावे, असा माझा बेत आहे. पोस्टग्रेससोबत हिंदीचा स्टेमर (शब्दाचे मूळ रूप काढणारा भाग) येतो, मराठीचा येत नाही. पण ग्रंथांच्या शीर्षकांसाठी स्टेमरवाचून फारसे अडेल असे मला वाटत नाही.

या कारणांनी माझा कल जँगो आणि पोस्टग्रेसकडे आहे. जँगोचे तयार ॲडमिन पान ग्रंथपालबाईंना दाखल नोंदी भरण्यासाठी जवळपास जसेच्या तसे देता येईल. जँगो ५.२ या दीर्घकालीन आवृत्तीला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत, तर लाराव्हेलच्या प्रत्येक आवृत्तीला त्या दोनच वर्षे मिळतात. लाराव्हेलच्या बाजूने मोठी गोष्ट अशी की स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी आणि मायएसक्यूएल हमखास मिळते आणि ते जाणणारी मुले तालुक्यातही सापडतात. जँगोसाठी स्वतंत्र व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्यावा लागेल आणि त्यावरचे लिनक्सही कोणीतरी सांभाळावे लागेल.

यावर मला सुचलेला तोडगा असा: मूळ ॲप्लिकेशन ग्रंथालयातच, यूपीएसवर चालणाऱ्या एका लहान संगणकावर ठेवावे, म्हणजे इंटरनेट गेले तरी देवघेव थांबणार नाही, आणि रोज रात्री ग्रंथसूचीची केवळ वाचनासाठीची प्रत स्वस्त होस्टिंगवर चढवावी. सभासदांची नावे, पत्ते आणि अनामतीचे हिशेब इमारतीबाहेर जाणार नाहीत, हा त्यातला मला सर्वांत पटलेला भाग आहे. पुस्तक शिल्लक असल्याची माहिती दिवसभर जुनी राहील, पण गावातल्या वाचकाला तेवढे चालून जावे. या प्रतीला डेटाबेस न देता नुसती एचटीएमएल पाने आणि ग्रंथसूचीची एक जेसन फाइल ठेवून शोध ब्राउझरमध्येच करावा का, हे अजून ठरलेले नाही; वीस हजार शीर्षकांची फाइल साध्या मोबाइलला कितपत झेपेल, याचा अनुभव कोणाला असल्यास जरूर सांगावा.

याखेरीज दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पोस्टग्रेसचे ट्रायग्रॅम देवनागरीवर कोणी प्रत्यक्ष वापरले आहेत का? डेटाबेसचे लोकेल (भाषाविषयक सेटिंग) ‘सी’ असेल तर देवनागरी अक्षरे त्यातून गाळली जातात एवढे मला माहीत आहे. परंतु इतर लोकेलमध्ये काना-मात्रा आणि हलन्त यांच्यापाशी शब्द तुटतो का, आणि तुटत असेल तर आपण काय उपाय केलात, हे हवे आहे. दुसरे, ज्यांनी एखाद्या संस्थेला असे ॲप्लिकेशन करून दिले आणि नंतर ते दुसऱ्याच्या हाती सोपवले, त्यांनी जँगो आणि लाराव्हेल यांपैकी काय निवडले होते, आणि पुढच्या माणसाला नेमके कुठे अडले, ते कृपया लिहावे. ‘अमुक वेगवान आहे’ अशा तुलनांपेक्षा हा अनुभव मला अधिक उपयोगी पडेल.