रंगसिद्धांत शिकायचा तर आधी रंगपेटी की आधी टॅबलेट?

कुंचला:
क्लासला येणारी बरीच मुलं हल्ली ब्रशच्या आधी टॅबलेटवर रंगवायला लागलेली असतात. पालक विचारतात, रंगसिद्धांतही त्यावरच शिकवला तर काय बिघडलं? माझं मत स्पष्ट आहे: आधी रंगपेटी. लेमन यलोमध्ये प्रशियन ब्लू घातला की स्वच्छ हिरवा मिळतो. त्याच यलोत अल्ट्रामरीन घाला, हिरवा मळतो, शेवाळी होतो. दोन्ही निळेच, पण अल्ट्रामरीन तांबड्याकडे झुकलेला असतो आणि तो तांबडा हिरव्याला मारतो. हे पॅलेटवर एकदा पाहिलं की मूल विसरत नाही. स्क्रीनवर रंगचक्रावर पेन टेकवला की हवा तो हिरवा हजर. तो कसा तयार झाला, हा प्रश्नच पडत नाही.

स्टायलसवाली:
सर, हे रंगद्रव्यांचं ज्ञान झालं. एक रंग दुसऱ्याशेजारी कसा वागतो, हा रंगसिद्धांताचा गाभा, आणि तो समजायला पाण्याची वाटी लागत नाही. शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या विणलेली भिंतचित्रं बनवणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. चित्रातल्या निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावलीत विणलेला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगाई चोख. काळा फिका दिसत होता तो शेजारच्या रंगांमुळे. त्याच अभ्यासातून त्याचा १८३९चा ग्रंथ झाला. चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ अल्बर्सही विद्यार्थ्यांना रंग कालवायला न लावता रंगीत कागद कापून शेजारी-शेजारी ठेवायला लावायचे. एकच करडा चौकोन नारिंगीवर आणि निळ्यावर ठेवून पाहणं, मागचा रंग हळूहळू सरकवत नेणं टॅबलेटवर क्षणात होतं. कागदावर तेवढ्यासाठी अख्खी दुपार जाते, आणि मूल कंटाळतं.

ऑफसेट:
मी प्रेसमध्ये प्रीप्रेस, म्हणजे छपाईआधी फायली तयार करण्याचं काम बघतो. स्क्रीनवर शिकलेल्यांच्या फायलींमधला झगझगीत हिरवा आणि विजेसारखा निळा चार शाईंच्या छपाईत येतच नाही. प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना बघून चेहरे उतरतात. पण सर, शाळेतलं तांबडा-पिवळा-निळा हे चक्रही मला पटत नाही. पेटीतल्या शेंदरीकडे झुकणाऱ्या तांबड्यातून झकास जांभळा काढून दाखवा. तपकिरी चिखल होतो. तिथे मजेंटाच, म्हणजे जांभळट गुलाबीच लागतो. मुलांना हे पहिल्याच वर्षी का सांगत नाही आपण?

कुंचला:
मजेंटाचं मान्य, पेटीत तो हवाच. पण स्टायलसवाली, तुमच्या टॅबलेटचा एक घोळ बघा. शुद्ध पिवळा निवडा, मग शुद्ध निळा. दोन्हींचा ब्राइटनेस १००. काही अ‍ॅपमध्ये सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, शून्यावर आणलं तर दोन्ही एकाच करड्यावर येतात! डोळ्यांना मात्र पिवळा जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ आणि निळा गडद दिसतो. नवख्याचा त्या आकड्यावर विश्वास बसतो आणि चित्रातला उजेड-अंधार कोलमडतो. पोस्टर कलरची पिवळी आणि निळी बाटली शेजारी ठेवली तर पाचवीतलं पोरही गडद कोणती ते सांगेल. शिवाय रात्री नाइट मोड लावून मुलं पिवळट स्क्रीनवर रंग ठरवतात, ते वेगळंच.

स्टायलसवाली:
तो दोष आकडे मांडण्याच्या एका पद्धतीचा आहे. उजळपणाचं नीट गणित हिरव्याला सुमारे ७२ टक्के, तांबड्याला २१ आणि निळ्याला ७ टक्के वजन देतं. त्या हिशेबाने चित्र कृष्णधवल केलं की पिवळा उजळ आणि निळा गडदच येतो. जलरंगवाले डोळे किलकिले करून जो उजेड-अंधार शोधतात, तो इथे काम चालू असताना हवा तेव्हा तपासता येतो. रंग कालवण्याचं म्हणाल, तर साध्या आरजीबी (स्क्रीनच्या तांबड्या-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या) मिश्रणात पिवळा आणि निळा अर्धे-अर्धे घेतले की करडा येतो, हे खरं. पण कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ साली मांडलेल्या गणितावर चालणारं पिगमेंट मिक्सिंग, म्हणजे खऱ्या रंगद्रव्यांसारखं मिश्रण, आता रिबेल प्रोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथे पिवळ्यात निळा घातला की हिरवाच होतो.

कुंचला:
होतो, पण ओला आणि वाळलेला एकच दिसतो. पोस्टर कलरची गडद छटा वाळली की फिकी पडते, जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थरही उतरतो. तो अंदाज घेऊनच रंग उचलावा लागतो, आणि इथे अनडू नाही. म्हणून मूल ब्रश टेकवण्याआधी थांबून बघतं. मला ते थांबणं शिकवायचं आहे.

स्टायलसवाली:
आणि मला उलट हवं आहे. मुलाने न घाबरता एकाच चित्राच्या वीस रंगसंगती करून बघाव्यात. कागद वाया जाईल या धास्तीने कितीतरी मुलं आकाश निळं आणि झाड हिरवं यापलीकडे जातच नाहीत.