पोर्टेबल सॉ मिल: पट्टीवर २८ ने खाली आणतो, फळी २६ चीही भरत नाही

वखार_कणकवली
आडवी चालणारी पोर्टेबल बँडसॉ आहे. हेड, म्हणजे पातं बसवलेला भाग, हँडलने वर-खाली होतं, खांबावर मिमीची स्टीलपट्टी आणि हेडवर काटा. सुकवून रंधा मारल्यावर २५ उरावी म्हणून २८ ची फळी काढायची होती. अकेशियाचा ओंडका चौरस करून पहिला काप २२४ वर घेतला, मग दर वेळी २८ ने खाली: १९६, १६८, १४०, असं करत शेवटी २८.

व्हर्नियरने मोजलं. वरच्या सातही फळ्या २५.५ ते २६. बेडवर, म्हणजे ओंडका ठेवतो त्या चौकटीवर, उरलेली आठवी हँडलच्या बाजूला २८ आणि पलीकडच्या कडेला २९.५. वरच्या सात फळ्यांच्या दोन्ही कडा मात्र सारख्या आहेत. दुपारनंतर काढलेल्या फळ्यांना लाटाही येतात. पट्टी खराब आहे का? नवीन बसवू का? शिवाय गिऱ्हाईक इंच-सुतात (आठ सूत म्हणजे एक इंच) मागतं, तो गोंधळ वेगळाच.

भुसा_मोजणारा
पट्टी बदलू नका, ती खरं बोलतेय. काटा दाखवतो ते बेडपासून पात्याच्या खालच्या दातापर्यंतचं अंतर, म्हणजे पात्याखाली किती लाकूड उरलं ते. वर किती जाडीची फळी सुटली हे त्या काट्याला माहीतच नसतं. म्हणून हँडलकडे शेवटची बरोबर २८ आली.

तुम्ही २८ ने खाली येता तेव्हा त्या २८ मध्ये फळी आणि भुसा दोन्ही बसतात. पात्याची जाडी १.१ मिमी धरा, दात दोन्ही बाजूंना ०.५ ते ०.६ ने फाकवलेले. म्हणजे पातं २.१ ते २.३ मिमी लाकूड खातं. २८ मधून २.३ गेले, राहिले २५.७. तुमच्या व्हर्नियरने हेच सांगितलंय.

हा आकडा कागदावरून घेऊ नका, मोजा. एका सुक्या तुकड्यात वीतभर काप घ्या, इंजिन बंद करा, पातं पूर्ण थांबल्यावर बाहेर काढा आणि फटीत ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा घाला. २.० चा सहज जातो, २.२ चा घासत जातो, २.५ चा अडतो, तर तुमचा आकडा २.२ ते २.३. ओल्या, ताणातल्या लाकडात ही फट मिटते किंवा उघडते, म्हणून सुका तुकडा. पात्याला धार लावून दात पुन्हा फाकवले की परत मोजा, आकडा बदललेला असतो.

आता कापांची पायरी: फळी २८ अधिक २.३ म्हणजे ३०.३. डोक्यात बेरीज करायला हा आकडा वाईट, ३०.५ धरा. आणि मोजणी वरून नाही, बेडपासून करा: २८, ५८.५, ८९, ११९.५, १५०, १८०.५, २११, २४१.५. हे आकडे खडूने खांबावरच लिहून ठेवा. ओंडक्याच्या वरच्या बाजूला सपाट करणारा पहिला काप याच शिडीतल्या एखाद्या पायरीवर घ्यायचा, २२४ सारख्या मधल्याच आकड्यावर नाही. तसं केलं की खाली वेडीवाकडी फळी उरत नाही.

रापलेला_सुतार
पट्टी उन्हात तापून वाढते हेही बघा. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा काटा जुळवून घ्यावा.

भुसा_मोजणारा
नाही हो. पोलाद एका मीटरला एक अंश सेल्सिअसमागे ०.०१२ मिमीच्या आसपास वाढतं. ६०० मिमीची पट्टी २० अंशांनी तापली तरी ०.१४ मिमी. ते दिसणारही नाही. दुपारी वाढतं ते पातं. चार मीटरचं पातं ३० अंशांनी तापलं तर जवळपास १.४ मिमी लांब होतं, ताण उतरतो, आणि सैल पातं गाठ आली की वर-खाली पळतं. त्याच त्या लाटा. काटा हलवून त्या जाणार नाहीत, उलट सकाळची जुळणीही बिघडेल.

गुण्या_लावा
दीड मिमीच्या फरकाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पातं बेडला समांतर नसलं, पण प्रत्येक काप सारखाच तिरका असला, तर दोन कापांमधली फळी दोन्ही कडांना सारखीच येते. तिरकस येते ती फक्त शेवटची, कारण तिची खालची बाजू बेडवर असते आणि वरची पात्याने कापलेली. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय, म्हणजे हेड हँडलच्या बाजूला खाली कललेलं आहे. सगळ्याच फळ्या एका कडेला जाड आल्या असत्या तर दोष वेगळा असता: उतरताना एका बाजूची साखळी किंवा आट्यांचा दांडा मागे राहतोय.

जुळवायचं असं. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, हातात जाड हातमोजे. पात्याला कामाच्या वेळचा पूर्ण ताण द्या आणि गाइड रोलर, म्हणजे पात्याला सरळ धरणारी दोन चाकं, पात्याला खाली दाबून बसलेले असू द्या, बहुतेक यंत्रांत हा दाब सुमारे ६ मिमी असतो. सैल पात्यावर घेतलेलं माप काही कामाचं नाही. बेडच्या आडव्या पट्ट्या ब्रशने साफ करा. हेड ३०० च्या आसपास आणा. मग खाली फाकवलेला एक दात शोधा, त्याच्या टोकापासून बेडच्या पट्टीपर्यंत स्टीलच्या फूटपट्टीने मोजा. आधी आतल्या रोलरजवळ, मग बाहेरच्या रोलरजवळ. दात मात्र दोन्हीकडे खालीच फाकलेला हवा. एकीकडे वरचा आणि दुसरीकडे खालचा धरला तर एक मिमीचा फरक तुम्हीच तयार कराल. फरक पाऊण मिमीच्या आत आणा. दांड्याच्या आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ५ मिमी असेल तर त्या बाजूची नट पाव फेरी फिरवली की सव्वा मिमी सरकतं.

बेडच्या प्रत्येक आडव्या पट्टीवर हेच माप घ्या. मातीत एक पाय रुतला की बेड पिळतो, आणि पावसाळ्यानंतर हे होतंच.

हे सगळं झाल्यावर सर्वांत शेवटी काटा. दातापासून मोजलेलं माप ३०१ आलं तर काट्याचा स्क्रू सैल करून तो ३०१ वर आणा. हा क्रम उलटा केला की काटा पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो.

आणि काटा पट्टीपासून किती लांब आहे? बोटभर अंतर असेल तर उभ्याने एक वाचन, वाकून दुसरं. काट्यामागे पट्टीशेजारी आरशाची अर्धा इंच रुंद चीप चिकटवा. काट्याने स्वतःचं प्रतिबिंब झाकलं की डोळा बरोबर उंचीवर आहे.

ओरेगॉनकर
इकडच्या यंत्रांवर दोन पट्ट्या शेजारी असतात. एक साधी, बेडपासूनच्या उंचीची. दुसरी चुंबकाने चिकटणारी, वर-खाली सरकणारी, तिच्यावर अंक कमी आणि रेघा जास्त. दोन रेघांमधल्या अंतरात फळीची जाडी, सुकून आकसण्याची सूट आणि पात्याचा घास आधीच धरलेला असतो. एक इंची मालाचा एक रकाना, सव्वाचा दुसरा, दीडचा, दोनचा. बेरीज करायचीच नाही, काटा पुढच्या रेघेवर आणायचा.

ही घरी करता येते. इंचभर रुंद चपटी लोखंडी पट्टी पांढरी रंगवून घ्या, टोकदार सुईने रेघा ओढा, पेनाच्या रेघा तेल आणि भुशात दोन दिवसांत जातात. मागे दोन चुंबक. एक लक्षात ठेवा: प्रत्येक रेघ पहिल्या रेघेपासून मोजा, मागच्या रेघेपासून नाही. पाव मिमीची चूक आठ वेळा साठली की दोन मिमी.

तुमच्या इंच-सुताच्या गोंधळालाही यातच वाट आहे. पायरी सरळ सव्वा इंच, म्हणजे १० सूत ठेवा. ३१.७५ मधून २.३ गेले की फळी २९.४ पेक्षा थोडी जास्त. २५ च्या तयार फळीसाठी २८ तसंही काठावरचंच आहे; ओलं लाकूड आकसतं, थोडं वाकतं आणि रंध्याला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिमी लागतोच.

वखार_कणकवली
ड्रिलच्या दांड्याने २.३ आलं. समांतर करून काटा जुळवला. १० सुतांच्या पायरीने आठ फळ्या काढल्या, सहा २९.३ ते २९.६. दोन मात्र मधे ३१ आणि टोकांना २९, आणि बेडवरची शेवटची उलट मधे पातळ. पुन्हा लाटा म्हणायच्या का?

भुसा_मोजणारा
नाही, लाट अशी नसते. लाटेत वरची फळी जिथे जाड, तिथेच खालची पातळ, एकमेकींवर ठेवल्या की बसतात. तुमचा ओंडका उठलाय. झाडाचा बाहेरचा भाग लांबीत ताणलेला असतो, गाभा दाबलेला. वरून ताणलेले थर काढले की खालचा थर ओंडक्याला ओढून मधे कमान करतो. मधे फुगलेल्या लाकडावरून पातं सरळ जातं, म्हणून फळी मधे जाड. शेवटच्या फळीखाली पोकळी, म्हणून ती मधे पातळ. नीलगिरीत तर हे हमखास.

उपाय: वरून दोन-तीन फळ्या, मग ओंडका उलटा करून दुसऱ्या बाजूने तेवढ्याच. प्रत्येक वेळी उलटवल्यावर बेडवर बसलेली बाजू दोन्ही टोकांना आणि मधे बोटाने चाचपा. फट दिसली तर त्या बाजूवर एक पातळ सपाट काप घेऊन मगच शिडी नव्याने सुरू करा. गाभा फळीत आणू नका, तो एका ५४ च्या जाड तुकड्यात बंद करून बेडवर शेवटी ठेवा. म्हणजे शिडी ५४ पासून: ५४, ८५.७, ११७.५, १४९.२, पुढे तशीच ३१.७५ ने.

गुण्या_लावा
एक भर. खाली येताना रेघेच्या पुढे गेलात तर तेवढ्यापुरतं वर घेऊन थांबू नका. ६-७ मिमी वर न्या आणि पुन्हा उतरवत रेघेवर आणा. आट्यांमधला झोल नेहमी एकाच बाजूला राहिला पाहिजे. आणि ट्रॉली मागे आणताना हेड उचलता, तेव्हा पुढचा आकडा मोठ्याने म्हणा.

वखार_कणकवली
ओंडका उलटवताना साल आणि भुसा बेडच्या पट्टीवर पडतो, तो दर वेळी काढायचा का? की एवढ्याने फरक पडत नाही?

गुण्या_लावा
दर वेळी. सालीचा एक तुकडा दोन मिमीचा असतो, आणि आपण इथे अर्ध्या मिमीसाठी भांडतोय.